फक्त वाचता येईल

१

आईचं पुस्तक चोरीला गेलेलं नव्हतं. ते तिच्या लॅपटॉपवर जागच्या जागी होतं. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, आत चित्रं होती, प्रत्येक चित्राखाली लिहायला मोकळी ओळ होती. फक्त ते कुणीतरी बंद करून ठेवलं होतं.

मुद्रकाला पाठवायचं म्हणून मी फाइल उघडली, तेव्हा वर एक पिवळी पट्टी आली. ‘या फाइलवर मर्यादा घातली आहे. तुम्हाला ती फक्त वाचता येईल. बदल, नक्कल आणि छपाई यांना परवानगी नाही.’ पट्टीवर क्लिक केलं तर खाली आणखी एक ओळ निघाली. ‘मर्यादा घालणारा वापरकर्ता : कार्यालय.’ पुढे तारीख होती. ती तारीख आई हयात असतानाची होती. तेव्हा ती रोज कामावर जात होती.

म्हणजे आईचं पुस्तक आईलाच बंद केलेलं होतं, आणि माझ्यापाशी ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

रहस्यकथा मी पोत्याने वाचल्या आहेत. त्यांत मृत्यूपाशी गोष्ट सुरू होते आणि मृत्यूच्या कारणापाशी संपते. आमच्याकडच्या मृत्यूत काही रहस्य नव्हतं. आईला फुप्फुसाचा आजार होता. पुढे तो पसरला. कुठे पसरला हे तिने डॉक्टरांना मला सांगू दिलं नाही, आणि एकदा तिने ओठ मिटले की ते उघडायची कुणाची छाती नव्हती. अंथरुणाला खिळेपर्यंत ती केंद्रात जात राहिली.

केंद्र म्हणजे वाचा उपचार केंद्र. मेंदूला धक्का बसल्यावर काही माणसांची भाषा जाते. बुद्धी शाबूत असते, माणसं ओळखू येतात, पण चमचा दिसला तरी ‘चमचा’ हा शब्द सापडत नाही, किंवा भलताच तोंडात येतो. याला वाचाघात म्हणतात. आईने अशा माणसांना पुन्हा बोलतं करण्यात हयात घालवली, आणि त्यासाठी रचलेल्या स्वाध्यायांचं ते पुस्तक होतं. दुसऱ्या गावच्या केंद्रांना, ज्यांच्याकडे असं काहीच नाही त्यांना, ते मिळावं एवढंच तिला हवं होतं.

मी पुस्तक नव्याने टाइप करून घेऊ शकले असते. चित्रं पुन्हा काढून घेता आली असती. पण मग माझ्या आईला तिच्याच पुस्तकाच्या दाराबाहेर कुणी उभं केलं, हे मला कधीच कळलं नसतं. आणि ते न कळता मला तिला निरोप देता येत नव्हता.

मी मामाला फोन केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. निवृत्त होईपर्यंत तो ऑफिसांत लागणारी सॉफ्टवेअरं विकत होता. तो आला, चष्मा कपाळावर ढकलून पट्टीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काय गं प्रश्नपत्रिके, हा लॅपटॉप अक्काला कुणी दिला?”

“तू.”

“आणि त्यात कुठली आवृत्ती घालून दिली?”

“मला काय माहीत?”

“साधी. घरगुती.” त्याने एक बटण दाखवलं. ‘परवानग्या’ असं लिहिलेलं, राखाडी, मेलेलं. त्याने ते दाबलं. ‘हे वैशिष्ट्य तुमच्या आवृत्तीत उपलब्ध नाही.’

“साध्या आवृत्तीला असलं कुलूप दिसतं,” मामा म्हणाला, “पण घालता येत नाही. हे या लॅपटॉपवर झालेलंच नाही. बाहेर कुठेतरी केलंय, आणि मग कुणीतरी तुझ्या घरात येऊन ही फाइल इथे ठेवून गेलंय. कोण आलं होतं?”

मला आठवायला वेळ लागला नाही. एकच माणूस आलं होतं, लॅपटॉप ‘अपडेट’ करायला. आईची शिष्या. आई तिला धाकटी म्हणायची आणि पोटच्या मुलीसारखी वागवायची. आई गेल्यापासून ती माझा फोन उचलत नव्हती.

२

केंद्राकडे जाताना मामाने मला आवृत्त्यांचं शास्त्र समजावलं. विषय निघाला की त्याच्या अंगात अजून विक्रेता संचारतो.

“लोकांना वाटतं प्रो, म्हणजे महागडी आवृत्ती, म्हणजे जास्त माल. तसं नसतं. माल तोच. एकच घर बांधायचं, सगळ्यांना तेच द्यायचं, आणि साधीवाल्यांसाठी दोन-चार खोल्यांना कुलूप लावायचं. वर दारावर पाटी, की ही खोली तुमच्यासाठी नाही. आम्ही किल्ल्या विकायचो.”

“तुला लाज नाही वाटली?”

“कमिशन मिळालं की वाटायची. मग जायची.”

केंद्र एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आहे. आत शिरताना मागचं दार वाजलं. खिडकीतून मला धाकटीची पाठ दिसली. खांद्यावर पिशवी, भराभरा चालत. मी हाक मारली. तिने ऐकली, कारण क्षणभर तिची पावलं अडखळली. पण ती वळली नाही.

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि तो जिना चढायला लागला.

वरच्या मजल्यावर साहेब बसतात. हे केंद्राचे संचालक, मेंदूविकारांचे डॉक्टर. त्यांची खोली पूर्वी खाली होती. आईला जिना चढवेनासा झाला तेव्हा त्यांनी स्वतःची खोली तिला दिली आणि आपलं टेबल वर आणलं. हे मी विसरलेले नाही. पण त्यांचं आणि आईचं पुस्तकावरून वाजलं होतं, हेही मला माहीत होतं.

“वाजलं होतं, खरंय,” साहेब म्हणाले. “पुस्तकावर केंद्राचं नाव आधी हवं, असं माझं म्हणणं. तुमच्या आई म्हणाल्या, केंद्र मागच्या पानावर शोभून दिसेल.”

“मग आपण फाइल बंद करून टाकली?” मामाने सरळच खडा टाकला.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. “मी? कशी? आणि करायचीच असती तर माझ्या मशीनवर सगळं आहे. संचालकाचं मशीन आहे हे.”

“बघू का जरा?”

मामा त्यांच्या खुर्चीत बसला. परवानग्यांचं बटण इथेही राखाडी होतं. त्याने दाबलं. तेच वाक्य आलं. आपल्याच फाटकावर पहारेकऱ्याने अडवावं, तसे साहेब त्या वाक्याकडे बघत राहिले.

“साधी आहे, साहेब.”

“पण... मग प्रो कुणाकडे आहे?”

“रुग्णांची नोंद ठेवायला डेटाबेस लागतो. तो साध्यात येत नाही. ज्या मशीनवर नोंद ठेवतात त्याच्यावर असणार.”

“म्हणजे काउंटरवर?” साहेबांना हे जड गेलं. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. “ताई, मला ते छापायचं होतं. नावावरून भांडलो असेन, पण छापण्यावरून कधीच नाही. जे छापता येत नाही, त्याच्यावर कुणाचं का नाव असेना, मला काय उपयोग?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. संशयाची सुई त्यांच्यावरून हलली. मी आभार मानून उठले, तेवढ्यात ते म्हणाले, “आणि प्रो आता काउंटरवरही नाही. नोंदणी ऑनलाइन झाली, तेव्हा मीच ते बंद करायला लावलं. आता सगळीकडे साधीच आहे.”

मामा दारात थांबला. “साहेब, हे कुलूप घालायला प्रो लागतं आणि काढायलाही प्रोच लागतं. शिवाय ज्या खात्यावरून घातलं त्याच खात्यावरून.”

“मग?”

“मग आपण किल्ली वितळवलीत.”

३

काउंटरवरच्या बाईंनी आईची उशी जपून ठेवली होती. खुर्चीत पाठीला लावायची, निळ्या अभ्र्याची. मला बघताच त्यांनी ती कपाटातून काढून हातात दिली आणि मग स्वतःच डोळे पुसत बसल्या. मामाने त्यांना पाणी दिलं आणि हळूच विचारलं, या मशीनवर ‘कार्यालय’ नावाने कोण कोण बसतं.

“मी. दुसरं कोण? पण पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे. मीच चिठ्ठी लावलीय, नाहीतर रजेच्या दिवशी मला घरी फोन करून भंडावून सोडतात.”

मी त्यांना तारीख सांगितली.

“त्या दिवशी मी नव्हते इथे दुपारी. दात काढायला गेले होते. तारीख कशी विसरेन, आठवडाभर गाल धरून बसले होते.” त्या थांबल्या. इकडेतिकडे बघून खाली वाकल्या. “ताई, सांगू की नको असं झालंय. मॅडमच्या टेबलावरचं मशीन बघितलंत का?”

“नाही अजून.”

“बघून उपयोग नाही. कोरं आहे. मॅडम गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटीने सगळं पुसून टाकलं. मी म्हटलं, अगं थांब, काहीतरी असेल त्यात, घरच्यांना विचार तरी. तर म्हणाली, विचारलंय.”

“मला कुणी काही विचारलं नाही,” मी म्हणाले.

“तेच तर. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण त्या मुलीचं तोंड बघवत नव्हतं हो. चोरी करणारीचं असं असतं का?”

मला माहीत नव्हतं. पण एक खरं होतं. आईच्या पुस्तकाची दुसरी प्रत असलीच तर त्या मशीनवर होती, आणि ती धाकटीने मुद्दाम नाहीशी केली होती.

“त्या दुपारी इथे कुणीच नव्हतं?” मामाने विचारलं.

“लिफ्टवाले काका होते. ते रोज दुपारभर असतात, घरी कंटाळतात म्हणून.” बाईंनी समोरच्या बाकड्याकडे बोट दाखवलं आणि सुस्कारा सोडला. “सगळं बघितलं असणार त्यांनी. पण त्यांच्याकडून काढणार कसं? त्यांना ‘चला चला’शिवाय काही बोलता येत नाही.”

४

काकांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आजारानंतर त्यांच्याजवळ एवढे दोन शब्द उरले. पण त्या दोन शब्दांत ते रागावतात, विनोद करतात, चहा मागतात आणि लोकांच्या मुलांची चौकशीही करतात. आई म्हणायची, त्यांच्याशी बोलताना आपणच कमी पडतो.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. “चला चला,” ते म्हणाले. एवढ्या हळुवारपणे मला त्या दिवसांत दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

“काका, एक विचारायचंय. आईबद्दल.”

त्यांनी अंगठा वर केला. ही आईची शिकवण. हो-नाही तोंडाने उलटसुलट होतात, म्हणून अंगठ्याने सांगायचं.

आईची चित्रांची कार्डं तिच्या खोलीतच होती. मी त्यांतली तीन आणली. टाय लावलेला माणूस, तरुण मुलगी, पांढऱ्या केसांची बाई. चौथं कार्ड खुर्चीचं. “त्या दुपारी काउंटरच्या खुर्चीत कोण बसलं होतं?”

टायवाल्याला त्यांनी बोटाने बाजूला सारलं. तरुण मुलगी उचलली. पण ती त्यांनी खुर्चीवर ठेवली नाही, खुर्चीच्या मागे ठेवली. मग पांढऱ्या केसांची बाई घेऊन ती बरोबर खुर्चीच्या चित्रावर ठेवली.

“अक्का?” मामा म्हणाला. “अक्का स्वतः बसली होती?”

अंगठा वर.

“आणि धाकटी मागे उभी?”

अंगठा वर. मग त्यांनी डोळ्याखालून गालावर बोट ओढलं आणि तरुण मुलीच्या चित्रावर टेकवलं.

“रडत होती?”

अंगठा वर. “चला चला,” ते घाईने म्हणाले. त्यांना अजून काही सांगायचं होतं. त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचक्या मारल्या, मग ओठांवर बोट ठेवलं, मग पांढऱ्या केसांच्या बाईवर. पुन्हा कपाळ, ओठ, बाई.

“अक्काने तुम्हाला बरं केलं, असं म्हणताय?” मामाने विचारलं.

अंगठा खाली. जोरात. ते आमच्यावर चिडले, आणि चिडायचे कष्ट घेण्याइतकं त्यांना आमच्याबद्दल वाटत होतं. शेवटी त्यांनी आईचं कार्ड उचललं आणि बाकड्यावर, स्वतःच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, अलगद ठेवून दिली.

त्या बाकड्यावर फक्त रुग्ण बसतात.

५

परत आल्यावर मी आईचं पुस्तक उघडलं. पिवळी पट्टी आली. फक्त वाचता येईल, असं ती म्हणत होती, आणि मी इतके दिवस फक्त वाचायचं सोडून बाकी सगळं करू पाहत होते. आता मी पहिल्या पानापासून वाचायला बसले.

‘वाराचं नाव सुचत नसेल तर सोमवारपासून म्हणत या. जिभेला क्रम आठवतो. हवा तो वार आला की थांबा.’

मी मामाला हाक मारली.

शेवटच्या महिन्यांत आईला विचारलं, की तपासणी कधी आहे, तर ती ताल धरल्यासारखी म्हणायची, “सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार,” आणि गुरुवारला माझ्याकडे बघून मान हलवायची. मी हसायचे. मला वाटायचं, आजारपणात ती जरा पोरकट झाली आहे आणि तेही बरंच आहे.

मी पुढे वाचलं. ‘शब्द अडला तर समोरच्याला दोन पर्याय द्यायला सांगा. निवडणं हे आठवण्यापेक्षा सोपं असतं.’ आई म्हणायची, “तू दोन सांग.” चहा की दूध. बाहेर बसू या की आत. मी सांगायचे, ती निवडायची.

‘बोलता येत नाही ते पुष्कळदा गाता येतं.’ आई आंघोळीचं पाणी गाऊन मागायची.

मामा पलंगाच्या कडेला बसला. मग हातातल्या फोनकडे बघत म्हणाला, “मी रोज फोन करायचो. ती नुसती हं हं करायची आणि मी आपला बडबडत सुटायचो. मला वाटायचं, चला, अक्काला शेवटी माझं बोलणं आवडायला लागलं.” तो स्वतःशीच हसला. “साठ वर्षं गप्प बस म्हणत आली मला.”

आजार कुठे पसरला होता ते आता सांगायची गरज नव्हती. आईची भाषा जात होती. ज्या वाटेने तिने शेकड्यांनी माणसं परत आणली त्याच वाटेने ती एकटी आत चालली होती, आणि जाताना रुग्णांना शिकवलेली एकेक युक्ती वापरून आमच्यापुढे धडधाकट उभी राहत होती. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. इतकं चोख काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

“आता कुलूप कळलं,” मामा म्हणाला. “आपण समजत होतो, कुणीतरी अक्काला बाहेर ठेवलं. कुणीतरी नाही गं. तिनेच. आपल्या हातून पुस्तक बिघडेल याची तिला भीती होती. तिने स्वतःलाच परवानगी नाकारली.”

“मग मशीन का पुसलं? आणि कुणाला विचारून?”

याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. मी धाकटीला निरोप पाठवला. ‘आईचे शब्द जात होते, हे मला कळलं आहे. मी रागावलेली नाही. ये.’

निरोप लगेच वाचला गेला. उत्तर आलं नाही. पण चहा उकळायच्या आत दाराची घंटा वाजली.

६

धाकटी दारातच उभी राहिली. “ताई, मी सांगितलं नाहीये हं. तुम्हाला आपोआप कळलं ना?”

“आपोआप नाही. काकांनी सांगितलं.”

“काकांनी?” तिला रडू आणि हसू एकदमच आलं. “त्यांच्याकडून वचन घ्यायचं राहिलंच आमचं.”

मामाने तिला बसवलं, कप हातात दिला. मग ती बोलली.

“मॅडम शेवटचं तपासत होत्या. मी मागून बघत होते. चमच्याच्या चित्राखाली त्यांनी ‘घड्याळ’ लिहिलं. मला वाटलं गंमत करतायत. मग खुर्चीखाली ‘पायमोजा’. आधी बरोबर लिहिलेलं खोडून. पानच्या पान. मी काही बोलले नाही, पण त्यांनी माझं तोंड बघितलं. त्यांना तोंड वाचता येतंच. त्यांनी माझा हात धरून काउंटरवर नेलं. आदल्या दिवसाची प्रत उघडायला लावली, स्वतः खुर्चीत बसल्या आणि फाइलवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘याला झोपव.’”

“झोपव?”

“मलाही कळेना. त्या परत परत तेच. ‘झोपव याला. माझ्यापासून.’ मग हाताने किल्ली फिरवल्यासारखं केलं. तेव्हा कळलं, बंद कर म्हणतायत. मी परवानग्या काढल्या. कुणाकुणाला बदल करता येतील, असं तिथे विचारतात. मॅडमनी आधी स्वतःचं नाव खोडायला लावलं. मग मला वाटलं माझं तरी ठेवतील. तर माझंही खोडलं.” ती थोडी हसली. “मी त्यांच्यासाठी काहीही बदलेन, हे त्यांना माहीत होतं.”

“आणि घरी आणून ठेवलीस.”

“त्यांनीच सांगितलं. घरातली जुनी प्रत काढून ही ठेव, म्हणून. पण लिहिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. म्हणून टेबलावरच्या मशीनवर एक वेगळी प्रत ठेवली होती. रोज येऊन त्यात लिहायच्या. दिवसेंदिवस त्यातलं काहीच कळेनासं झालं. ती कुणी बघू नये, तुम्ही तर मुळीच नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं.”

“काउंटरवरच्या बाईंना म्हणालीस, विचारलंय.”

“मॅडमना विचारलं होतं ना. दुसऱ्या कुणाला विचारायचं?”

पुढचं मामानेच ताडून सांगितलं. कुलूप काढून फाइल मला द्यायची, हे ठरलेलं होतं. पण तोवर साहेबांनी प्रो बंद केलं होतं. धाकटीने काउंटरवर बटण दाबलं, आणि बटण राखाडी. कुलूप काढता येईना, का घातलं ते सांगता येईना. मग मागचं दार.

धाकटीने मान डोलावली. “तुम्हाला वाटलं असेल मी पुस्तक लाटलं.”

“वाटलं होतं,” मी म्हणाले.

“वाटू दे, म्हटलं. खरं कळण्यापेक्षा ते बरं, असं मॅडमना वाटलं असतं.” तिने कप खाली ठेवला. “आणि ताई, त्या सकाळी लवकर यायच्या ना, ते कामासाठी नव्हतं. दार लावून आम्ही स्वाध्याय करायचो. त्यांच्याच पुस्तकातले. मी विचारायचे, त्या उत्तरं द्यायच्या. दोन महिने त्या माझ्या पेशंट होत्या. तेवढ्यामुळे त्या तुमच्याशी संध्याकाळी बोलू शकायच्या. सकाळी सराव केलेलं त्या संध्याकाळपर्यंत जपून आणायच्या.”

मी उठून तिच्याजवळ गेले. माझ्या आईचं बोलणं माझ्यापर्यंत पोचावं म्हणून रोज सकाळी कुणीतरी राबत होतं, आणि मी तिला चोर समजून शोधत होते. मी तिचा हात धरला. धन्यवाद हा शब्द छोटा आहे, तरी मी तो म्हटला, आणि तिने तो घेतला.

७

कुलूप मामाने काढलं. “प्रो महिनाभर वापरून बघायला फुकट देतात,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला चटक लागावी म्हणून. ही युक्ती कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते विचारू नकोस, त्याला बढती मिळाली आणि मला नाही.”

काउंटरवरच्या बाईंनी खुर्ची रिकामी करून दिली. साहेब खाली उतरून आले आणि मागे हात बांधून उभे राहिले. मामाने ‘कार्यालय’ नावाने प्रवेश केला, फाइल उघडली. परवानग्यांचं बटण आता काळं, जिवंत होतं. त्याने माऊस माझ्या हातात दिला. मी दाबलं. ‘मर्यादा काढून टाकायची आहे?’ मी हो म्हटलं. पिवळी पट्टी गेली.

फाइल तिथल्या तिथेच मुद्रकाला पाठवली. साहेब खाकरले. “केंद्राचं नाव मागच्या पानावर चालेल,” ते म्हणाले. “शोभून दिसेल.” मग घाईघाईने जिना चढून गेले.

धाकटी आईच्या खोलीत टेबल आवरत होती. मी दारात उभी राहिले. पुस्तक मिळालं होतं, कुणी अपराधी नव्हतं, ज्यांच्यावर मी संशय घेतला त्या सगळ्यांनी आईला आपापल्या परीने जपलं होतं. आता मी घरी जायला हरकत नव्हती. पण मला समजलं, की जे मला खरोखर बंद होतं ते पुस्तक नव्हतं. आईचे दोन महिने होते. संध्याकाळची सराव केलेली आई मला मिळाली होती. सकाळची, शब्द चुकणारी आई फक्त हिच्याजवळ होती.

“ते वचन,” मी म्हणाले, “ती प्रत कुणी बघू नये म्हणून होतं ना? सांगायचं नाही, असं होतं का?”

धाकटीने विचार केला. “तुम्हाला काही कळू नये, म्हणूनच होतं ते. पण तुम्हाला आता कळलेलंच आहे.” तिने फडकं खाली ठेवलं. “काय सांगू?”

“माझं नाव तिला घेता यायचं?”

“नाही.” तिने खोटं सांगितलं नाही, याबद्दलही मी तिची ऋणी आहे. “खूप प्रयत्न केला आम्ही. नाव काही आलं नाही. पण तुमच्यासाठी एक शब्द होता. दर वेळी तोच.”

“कोणता?”

“छत्री.”

मागे उभ्या असलेल्या मामाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. तो हसत होता की काय कोण जाणे.

“‘छत्री न्यायला येईल आता,’ म्हणायच्या. ‘छत्रीने जेवण केलं का विचार.’ एकदा तुम्ही लवकर आलात तर घाबरून म्हणाल्या, ‘छत्री आली, आता गप्प.’”

“छत्रीच का?” मामाने विचारलं.

“त्याला कारण नसतं हो, मामा. मेंदू हाताला लागेल तो शब्द उचलतो.”

“बरं,” मामा म्हणाला. “नसतं तर नसतं.” आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी आईच्या खुर्चीत बसले. निळी उशी मी परत आणून तिथे ठेवली होती, ती पाठीला बरी वाटली. बाहेर काका कुणालातरी “चला चला” म्हणून दम देत होते.

“आणखी सांग,” मी धाकटीला म्हणाले. “पहिल्या दिवसापासून सांग.”

तिने दार लावलं आणि खुर्ची जवळ ओढली.